दिबांचं नाव आणि जमिनीचा वाटा

नवी मुंबईच्या विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं, हा वाद पेटला 2021 मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या संचालक मंडळाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला. दि. बा. पाटील यांचं नाव हवं म्हणून 10 जूनला माणसं मानवी साखळी करून रस्त्यावर उभी राहिली, 24 जूनला बेलापूरच्या सिडको भवनाला वेढा पडला. पुढच्या वर्षी जाता जाता एका सरकारने आणि येता येता दुसऱ्या सरकारने ‘लोकनेते दि. बा. पाटील’ या नावाला मंजुरी दिली आणि प्रस्ताव दिल्लीला गेला. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, तेव्हा ते नाव विमानतळाला लागलेलं नव्हतं. 25 डिसेंबरला विमानं उडायला लागली. या सगळ्या काळात सभांतून, वाहिन्यांवर, लोकलच्या डब्यात या विषयावर जे बोललं गेलं, त्यातलं पुष्कळसं मी मन लावून ऐकलं आणि दर वेळी अस्वस्थ झालो. एका बाजूचं म्हणणं, ‘हा आमच्या समाजाच्या अस्मितेचा प्रश्न आहे.’ दुसऱ्या बाजूचं, ‘एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला एका तालुक्याच्या पुढाऱ्याचं नाव कशाला?’ भांडणाऱ्या दोघांनीही मनातून एकच गोष्ट धरून ठेवली आहे: दिबा हे एका पट्ट्याचे आणि एका समाजाचे पुढारी होते. तिथेच चर्चा फसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नाव दिबांचंच असावं. ते आगरी होते किंवा जासईचे होते, एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. शहर वसवण्यासाठी ज्याची जमीन जाते तो त्या शहराचा वाटेकरी असतो, ही गोष्ट त्यांनी सरकारला मान्य करायला लावली, शासन निर्णयाच्या भाषेत उतरवायला लावली. पुढे ज्या शहरांना वाढायचं आहे त्या सगळ्यांना ही गोष्ट लागू आहे, आणि त्यात सगळ्यात मोठं देणं मुंबईचं आहे. मी जन्मभर मुंबईत राहिलेला माणूस आहे. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीच्या रात्री एका चांगल्या शिकलेल्या शेजाऱ्याने विचारलं होतं, “पण हे दि. बा. पाटील नक्की कोण?” त्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांना चार वाक्यांत उत्तर दिलं आणि रात्रभर मला ते उत्तर अपुरं वाटत राहिलं. हा लेख त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म 13 जानेवारी 1926 चा, उरण तालुक्यातल्या जासईचा. खाडीकाठचं भातशेतीचं गाव. शिकून वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात आले आणि 1957 मध्ये पनवेलमधून विधानसभेत गेले. आमदारकी पाच वेळा, कुलाब्याची खासदारकी दोन वेळा, विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद. मंत्रिपद मात्र नाही. उतारवयात ते शिवसेनेत गेले, आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना ते लागलं. 24 जून 2013 ला ते गेले. सिडको भवनाच्या वेढ्याची तारीख त्यांच्या स्मृतिदिनाची होती, हे मुंबईतल्या कितीजणांच्या ध्यानात आलं? पदांची ही यादी मी मुद्दाम भरभर सांगतो आहे, कारण पदांवरून मोजलं तर दिबा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले ठरतात. आपल्याकडे पुढाऱ्याचं मोजमाप अजून लाल दिव्यावरच होतं.

ज्या मातीतून ते आले ती मुंबईकराला पुलावरून दिसते, पण कळत नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं घर उरण तालुक्यात आहे. त्याच्या वडिलांना मी नाना म्हणतो. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा जेवण झाल्यावर त्यांनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा काढला. आत घड्यांवर फाटत आलेला सात-बारा, भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस, प्रकल्पग्रस्ताचा दाखला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा गुंडाळलेला भूखंड वाटपाचा कागद. कागद एकेक करून त्यांनी चटईवर मांडले, पत्ते मांडावेत तसे. मग मला ओट्यावर नेलं आणि समोर बोट दाखवलं. समोर कंटेनरचं यार्ड होतं, ट्रेलरांची रांग, धुळीने पांढरी झालेली झाडं. “त्या निळ्या कंटेनरच्या तिथं आमचा बांध होता,” ते म्हणाले. “भरतीला उघाडी लावायची, ओहोटीला काढायची. पोरं असताना ते काम आमचं.” खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा, तो दर पावसाळ्याआधी सगळ्या गावाने मिळून दुरुस्त करायचा, आणि बांधाच्या आत गोड्या पाण्यावर भात पिकवायचा. अशी जमीन निसर्गाने दिलेली नसते. पिढ्यान् पिढ्या चिखल वाहून माणसांनी ती समुद्राकडून सोडवून घेतलेली असते. “जमीन आमी इकली नाय,” नाना म्हणाले, “ती घेतली.” विकणं आणि घेतली जाणं यांतला हा फरक दिबांच्या सगळ्या राजकारणाचा पाया आहे.

आता मुंबईच्या बाजूने पाहू. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. बेट भरून चाललं होतं, उत्तरेकडे किती सरकणार? कल्पना दूरदृष्टीची होती, आणि आज त्या शहरात राहणारी लाखो माणसं तिचा पुरावा आहेत. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं त्या आराखड्यात आली. पण शहर बांधायला पैसा कुठून आणायचा? उत्तर हिशेबाने चोख होतं. शेतजमीन शेतीच्या भावाने घ्यायची, तिच्यावर रस्ते, पाणी, वीज आणायची, मग वाढलेल्या भावाने भूखंड विकायचे आणि त्या पैशातून पुढचं शहर बांधायचं. म्हणजे या शहराचं मूळ भांडवल जमीन होती, आणि ते ज्यांनी पुरवलं त्यांना शेतीचा भाव देऊन वाटेला लावायचं ठरलं होतं. कुठल्याही धंद्यात भांडवल घालणाऱ्याला नफ्यात हिस्सा मिळतो. इथे तो का नसावा? दिबांचा प्रश्न एवढाच होता. त्याला कुणी ‘विकासविरोध’ म्हटलं, कुणी ‘अडवणूक’.

हाच प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर 16 जानेवारी 1984 ला दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन दिवसांत पाच शेतकरी मारले गेले. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांतले. जासईला हुतात्मा स्मारक आहे, दर जानेवारीत तिथे माणसं जमतात. आज शिवडीहून अटल सेतूवर चढलेली गाडी जवळजवळ 22 किलोमीटर धावून ज्या गावाजवळ जमिनीला टेकते, ते हेच चिर्ले. गाडीतल्या माणसाला वीस मिनिटांत पलीकडे पोचल्याचं समाधान असतं. ते असावंच, मलाही होतं. पण आपण कुणाच्या गावात उतरलो हे सांगणारं त्या वाटेवर मला तरी काही दिसलं नाही.

तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. हे मी कुणाला दोषी ठरवण्यासाठी लिहीत नाही, या तपशिलात महाराष्ट्राच्या राजकारणाची एक मोठी गाठ आहे म्हणून लिहितो. वसंतदादाही शेतकऱ्याच्याच घरातले, स्वातंत्र्यलढ्यातले, सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा करणारे. शेतकरी ते राजकारणी हा प्रवास आपल्याकडे बहुतेकांनी केला तो सहकाराच्या रस्त्याने. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेचा कारखाना उभारला, तेव्हा त्यामागचं तत्त्व साधं होतं: ऊस घालणारा हाच कारखान्याचा मालक. शेअर घेतलेला शेतकरी सभासद झाला, सभासदाचा संचालक झाला, संचालकाचा आमदार. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था अशी जमीन पायाखाली असलेलं राजकारण ते. उरण-पनवेलच्या शेतकऱ्याकडे यातलं काय होतं? भात आणि मीठ. त्या दोहोंभोवती कारखानदारी उभी राहिली नाही. शेवटी त्याच्याकडे उरला तो जमिनीचा तुकडा, आणि नेमका तोच सरकारला हवा होता. दिबांनी मागितलं ते उसाच्या पट्ट्यात आधीच मान्य झालेलं होतं. ऊस घालणारा जर कारखान्याचा भागधारक, तर जमीन घालणारा शहराचा भागधारक का नाही? पुढे मिळालेला साडेबारा टक्के जमिनीचा वाटा हा मला खाडीकाठच्या शेतकऱ्याचा शेअर वाटतो. ज्या राज्यकर्त्यांना पहिला शेअर कळला होता, त्यांच्याच राजवटीत दुसरा शेअर मागणाऱ्यांवर गोळ्या चालल्या, याचं मला अजून दुःख होतं.

1990 आणि 1994 च्या शासन निर्णयांनी ती योजना आकाराला आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. ऐकायला हे मोठं वाटतं, म्हणून एका एकराचा हिशेब मांडतो. एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी मूळ जमिनीच्या पावणेचार टक्क्यांची कपात, म्हणजे दीड गुंठा गेला. हातात आले साडेतीन गुंठे. चाळीस गुंठ्यांत कुटुंबाचं वर्षाचं भात पिकवणारा माणूस साडेतीन गुंठ्यांवर आला, आणि तेही जमीन गेल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी. याला ‘प्रकल्पग्रस्तांचे लाड’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप मात्र मला हलके वाटत नाहीत. सगळ्यात सभ्य आक्षेप असा की, विमानतळाला हवाई वाहतुकीशी संबंध असलेल्या माणसाचं नाव द्यावं, जे. आर. डी. टाटांचं. 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन निघालेलं विमान स्वतः चालवत ते जुहूला उतरले. मुंबईच्या आकाशावर त्यांचा हक्क कोण नाकारेल? राजकारण्यांची नावं सगळीकडे देण्याचा आपला सोस उबग आणणारा आहे, हेही मला मान्य. पण विमानतळ आकाशात नसतो. तो जमिनीवर असतो, आणि इथली जमीन 1,160 हेक्टर आहे. तिच्यासाठी दहा वस्त्या उठल्या, सुमारे 3,000 कुटुंबांनी घरं सोडली. वाघिवली, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे. मुंबईकराने ही नावं एकदा तरी मोठ्याने म्हणावीत. उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचा मार्ग वळवला. धावपट्टी ज्यावर टेकली आहे त्याचा इतिहास सांगणारं नाव जर या विमानतळाला शोभत नसेल, तर दुसऱ्या कुठल्या वास्तूला शोभेल?

‘तालुक्याचा पुढारी’ या आक्षेपाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. 1894 चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा जाऊन 2013 चा नवा कायदा आला, 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत तरतूद आहे की, नागरीकरणासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीपैकी वीस टक्के जमीन मालकांसाठी राखून ठेवून त्यांना देऊ करायची, अर्थात संपादनाचा आणि विकासाचा खर्च घेऊन. ती तरतूद जासईमुळे आली असा दावा मी करत नाही. पण जासईने जी मागणी गोळ्या झेलून केली, तिचं कुळ आज देशाच्या कायद्यात आहे. विमानतळासाठी उठलेल्यांना साडेबाराच्या जागी साडेबावीस टक्के मिळाले, तेही याच मागणीच्या खांद्यावर उभं राहून. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी जमिनी एकत्र करून स्वतःच शहर बांधलं आणि त्यात भागधारक राहिली. ती वेगळी वाट, पण पोचली त्याच ठिकाणी. विचार कुठल्या तालुक्यात जन्मला यावरून त्याची लांबी-रुंदी मोजायची असेल, तर महाडचं तळंही एका तालुक्याचंच म्हणावं लागेल.

आता त्याहून अवघड आक्षेप. साडेबारा टक्क्यांनी गावाचं भलं झालं का? खरं सांगायचं तर अनेकांचं झालं नाही. भूखंड हातात येईपर्यंत पंचवीस वर्षं गेली, तेवढ्यात दलाल आले. कागदावरचा हक्क इसार देऊन विकत घेतला गेला. भूखंड आला तेव्हा मूळ मालकाच्या घरात लग्नाची हळद वाळून गेली होती, गाडीचे हप्ते थकले होते. बिल्डर नावाचा नवा खोत तयार झाला आणि काही ठिकाणी तो गावातलाच होता. हे मी नानांच्या गावातच ऐकलं आहे, त्यांच्याच तोंडून. पण या घसरणीचा दोष वाटा मिळण्याला द्यायचा की वाटा मिळायला लागलेल्या पंचवीस वर्षांना? एखाद्या गिरणी कामगाराची थकलेली देणी वीस वर्षांनी मिळाली आणि ती सावकाराच्या घरी गेली, तर आपण ‘देणी देऊच नयेत’ असं म्हणतो का? गावठाणाची हद्द वाढवली नाही, कुटुंबं वाढली, माणसांनी गरजेपोटी घरं बांधली आणि ती अनधिकृत ठरली. यातलं किती शेतकऱ्याच्या उधळपट्टीचं आणि किती नियोजनाच्या विस्मरणाचं?

मला खरोखर निरुत्तर करणारा आक्षेप वेगळाच आहे. साडेबारा टक्के मिळाले ते ज्याच्या नावावर सात-बारा होता त्याला. मिठागरात राबणाऱ्याला काय मिळालं? दुसऱ्याच्या शेतात लावणी-कापणी करणारी बाई, खाडीत जाळं टाकणारा, डोंगराकडेला राहणारा कातकरी, यांच्या आयुष्यातूनही शेत आणि खाडी गेली. पण त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता. आणि ज्या घरात कागद होता त्या घरातल्या मुलींचं काय? भूखंडाचा भाव चढला तसं सासरहून बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या गेल्या. साडी दिली, जेवण घातलं, सही घेतली. नानांच्या डब्यातही असं एक हक्कसोडपत्र आहे. ते त्यांनी मला दाखवलं आणि लगेच उलटं ठेवलं. दिबांच्या लढ्याची ही मर्यादा आहे आणि त्यांच्या चाहत्यांनी ती झाकू नये.

मात्र मर्यादा दिसली म्हणून तत्त्व टाकून द्यायचं का? याच किनाऱ्यावरचा जुना दाखला आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. जवळजवळ सहा वर्षं तो संप चालला. लोकांनी करवंदं विकली, लाकूड-फाटा विकला, पण नांगर धरला नाही. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा या मुंबईच्या रस्त्यावर आला. कसणाऱ्याला कूळ म्हणून संरक्षण देणारे कायदे नंतर झाले. त्या लढ्यातही बिनजमिनीच्या मजुराला जमीन मिळाली नाही. म्हणून चरीचा संप वाया गेला असं कुणी म्हणत नाही. आधी खोतापुढे कूळ उभं राहिलं, मग सरकारपुढे मालक उभा राहिला. आता मजूर, मच्छीमार आणि घरातली लेक यांना त्याच रांगेत आणणं हे पुढचं काम आहे. ते करायचं तर दिबांनी जिथे दोर सोडला तिथूनच उचलावा लागेल.

काही जुने डावे मित्र विचारतात, दिबांनी प्रकल्पच का अडवला नाही? भरपाई वाढवून घेणं म्हणजे शेवटी जमीन देणंच. मला मुळशी आठवते. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे उभे राहिले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. लढा जिवाच्या कराराचा होता. धरण झालं, जमिनी बुडाल्या, वीज मुंबईला आली. त्या विजेवर या शहराचे दिवे लागले आणि मुळशीकडे त्या उजेडातला वाटा कधी परत गेला नाही. मुळशीचा सत्याग्रह लहान होता असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पण ‘सगळं किंवा काहीच नाही’ या लढाईत काहीच न उरलेल्या गावांची पुढची पिढी कुठे गेली, हे मुंबईला माहीत आहे. ती इथेच हमाली करायला आली. दिबांनी हे ध्यानात घेतलं असावं असं मला वाटतं. त्यांनी ‘शहर येऊ नये’ असं म्हटलं नाही, ‘शहर आलं तर आम्हीही त्यात असू’ असं म्हटलं. हे तडजोडीचं वाक्य वाटेल, पण ते म्हणताना पाच माणसं गेली.

राहिला शेवटचा आक्षेप, जो प्रत्येक नामांतराच्या वेळी येतो: नावाने पोट भरतं का? मराठवाडा विद्यापीठाच्या वेळीही हेच विचारलं गेलं. 1978 मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव केला आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. सोळा वर्षं, घरं जळाली, माणसं मेली. नाव नुसतं नाव असतं तर ते देताना एवढा विरोध झाला असता? नाव देणं म्हणजे ‘हे आम्हाला मान्य आहे’ अशी समाजाने दिलेली पावती असते. विमानतळावर दिबांचं नाव लागलं तर राज्याने आणि देशाने मान्य केलं असं होईल की, 1984 मध्ये रस्त्यावर उभी असलेली माणसं दंगेखोर नव्हती, ती हिशेब मागत होती. म्हणूनच समर्थकांनी हा प्रश्न ‘आमच्या समाजाचा माणूस’ एवढ्यावर आणून ठेवला की मला वाईट वाटतं. त्याने दिबा लहान होतात. बाळासाहेबांचं नाव सुचवणाऱ्यांना उत्तर देताना ‘तुमचा मोठा की आमचा मोठा’ या पातळीवर उतरणंही चुकीचंच होतं. मुंबईवर बाळासाहेबांचा ठसा कुणी पुसू शकत नाही. प्रश्न फक्त या जमिनीचा होता.

हा प्रश्न इतिहासात जमा झाला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण अटल सेतूच्या पलीकडे आता ‘तिसरी मुंबई’ येऊ घातली आहे. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं आहे. कर्नाळा-साई-चिरनेर असं त्या नव्या नगराचं नाव. चिरनेर! 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहात जिथे गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले, ते चिरनेर. या शहराच्या नियोजनात वाट्याचं गणित काय असणार, जमीन नसलेल्यांची मोजणी कोण करणार, मुलींची नावं सुरुवातीलाच कागदावर येणार की शेवटी हक्कसोडपत्रावर, वाटा जमीन जाण्याच्या दिवशी मिळणार की पंचवीस वर्षांनी, यावर मुंबईत मी एकही जाहीर चर्चा ऐकली नाही. घरांचे भाव कुठे वाढतील, यावर मात्र रोज ऐकतो. फलकावरच्या नावासाठी जमलेल्या गर्दीतल्या निम्म्यांनी जरी हे प्रश्न घेऊन पुन्हा बेलापूर गाठलं, तरी मी त्यांच्यासोबत जाईन.

मध्यंतरी उरणच्या लोकलने नानांकडे गेलो होतो. डबा आधीच खाली काढून ठेवलेला होता. त्यांच्या मुलीच्या सासरचं गाव त्या 124 गावांत आहे. तिने अधिसूचनेची झेरॉक्स पाठवली होती. नानांना चष्म्यानेही बारीक अक्षर लागत नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “वाच जरा मोठ्यानं. माझ्या लेकीचं नाव कुठं येतं बघ.” मी दोन्ही बाजू वाचून काढल्या आणि पुन्हा पहिल्या पानावर आलो.